‘मात्र खेद आहे की…’

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला आयोजकांनी विषय दिला ‘संविधान आणि आपण’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी शाळेत शिकवते. सातवी-आठवीला नागरिकशास्त्र, आणि बाकीचा वेळ अर्ज भरणं. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेतला आहे. तो म्हणजे राष्ट्रपतींचं दरवर्षीचं अभिभाषण, आणि ते ऐकून मला आलेला राग. तो राग अजून गेलेला नाही. तो कुणावर काढायचा हे कळायला मात्र मला बराच वेळ लागला. तेच आज सांगते.

तुमच्यापैकी किती जणांनी हे भाषण पूर्ण ऐकलंय? हात वर करा. दोन. बरं, तीन. लाजू नका, शिक्षकांच्या बैठकीत विचारलं असतं तर याहून कमी आले असते.

आधी एक घोटाळा दूर करू. राष्ट्रपतींची वेगवेगळी भाषणं आपण एकात एक मिसळतो. एक असतं २५ जानेवारीच्या संध्याकाळी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. ते रेडिओवर, टीव्हीवर लागतं आणि थेट आपल्याला, नागरिकांना उद्देशून असतं. तसंच १४ ऑगस्टलाही. दुसरं असतं संसदेत, वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर. त्याला अभिभाषण म्हणतात. संविधानाचा अनुच्छेद ८७. सुरुवातीला दर अधिवेशनाला ते करायचं होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ते वर्षातून एकदा, आणि सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात, असं झालं.

पहिल्या प्रकारच्या भाषणात राष्ट्रपतींना थोडी मोकळीक असते. के. आर. नारायणन यांचं २५ जानेवारी २००० चं भाषण वाचून बघा. प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं होत होती, सगळीकडे रोषणाई. आणि हे गृहस्थ सांगत होते की सामाजिक, आर्थिक न्याय हे कोट्यवधी लोकांसाठी अजून स्वप्नच राहिलंय. सोसणाऱ्या माणसांच्या संतापापासून सावध राहा, असंही बजावलं. १९९८ मध्ये तर त्यांनी १४ ऑगस्टला नेहमीचं भाषणच केलं नाही, त्याऐवजी पत्रकार एन. राम यांना मुलाखत दिली आणि ती प्रसारित झाली. प्रणव मुखर्जींनीही २०१६ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी हिंसा आणि असहिष्णुतेपासून जपायला सांगितलं होतं. म्हणजे त्या भाषणात माणूस सापडू शकतो.

संसदेतल्या अभिभाषणात माणूस शोधायला जाऊ नका. मी गेले होते, म्हणून सांगते.

माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीला जायचे. कानाला कायमचा खडखडाट, त्यामुळे घरात रेडिओ मोठ्यानं. २००२ च्या जुलैमध्ये कलाम साहेब राष्ट्रपती झाले तेव्हा अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. गल्ली म्हणजे सगळी मिळून चौदा घरं, त्यात जैनांची दोन, लिंगायतांची तीन. सगळ्यांना. अब्बांच्या डोक्यात असं होतं की आता दिल्लीत आपलं कुणीतरी बोलेल. झाकिर हुसेन, फखरुद्दीन अली अहमद हे त्यांच्या आधी होऊन गेले होते हे अब्बांना माहीत होतं. फखरुद्दीन साहेबांच्या सहीनं आणीबाणी आली हेही माहीत होतं. तरी माणसाला आशा असते.

२००३ च्या फेब्रुवारीत कलाम साहेबांनी संसदेत अभिभाषण केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘माझे सरकार’, ‘माझे सरकार’. ते वाजपेयींचं सरकार. मग २००४ ला निवडणूक झाली, सरकार बदललं. ७ जूनला त्याच कलाम साहेबांनी पुन्हा अभिभाषण केलं. पुन्हा ‘माझे सरकार’. आता ते मनमोहन सिंगांचं. अब्बा चहाची बशी तशीच धरून बसले, पेपर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “आदमी अपनाच है बेटी, पन कागद किसी और का है.”

अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंत. अनुच्छेद ८७ कसा चालतो हे मला नंतर पुस्तकात वाचावं लागलं. पुस्तकात तेच लिहिलं होतं, फक्त लांबलचक. हे भाषण मंत्रिमंडळ लिहितं. इंग्लंडच्या राजाचं भाषण जसं त्याचे मंत्री लिहून देतात तशी ही रीत. वेगवेगळी मंत्रालयं आपापली कामं लिहून पाठवतात, त्यांची गोळाबेरीज होते, मंत्रिमंडळ मंजूर करतं आणि राष्ट्रपती वाचतात. राज्यात राज्यपालांचं असंच, अनुच्छेद १७६.

वाचणाऱ्याला पटत नसलं तरी वाचायचं असतं. याचा सगळ्यात बोलका नमुना केरळचा. २९ जानेवारी २०२०. राज्यपाल आरिफ मोहम्मद खान. शाहबानो प्रकरणात १९८६ ला मंत्रिपद सोडणारे म्हणून आपल्या घराघरात त्यांचं नाव माहीत आहे, कुणी कौतुकानं घेतं, कुणी दात-ओठ खात. केरळ सरकारनं अभिभाषणात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध परिच्छेद घातला होता, अठरावा. राज्यपालांचं मत उलट. त्यांनी सभागृहात सांगितलं की हे मला मान्य नाही, पण मुख्यमंत्र्यांची इच्छा आहे म्हणून वाचतो. आणि वाचला. दोन दिवसांनी दिल्लीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी संसदेत त्याच कायद्याला ऐतिहासिक म्हटलं, गांधीजींची इच्छा पूर्ण झाली असं म्हटलं, विरोधकांनी आरडाओरडा केला. दोन सभागृहं, दोन कागद, एकच कायदा.

आपल्याकडचं एक सांगायचा मोह होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबईला राज्यपाल इंग्रजीत अभिभाषण करत होते आणि आमदारांच्या कानाला लावलेल्या यंत्रात मराठी भाषांतर येईचना. शेवटी शिक्षणमंत्री विनोद तावडे स्वतः उठून भाषांतराच्या खोलीत गेले आणि मराठी वाचू लागले. मुख्यमंत्र्यांनी सभागृहाची माफी मागितली. एवढं सगळं करून जो मजकूर कानात पोहोचवायचा, तो नंतर कुणी वाचतं का? आपण वाचत नाही. मीही वाचत नव्हते.

वाचायला लागले ते २०२२ पासून. कारण त्या वर्षी मी भाषणात सापडले.

३१ जानेवारी २०२२. शाळेत ऑफलाइन-ऑनलाइन असं काहीतरी चाललं होतं. मी घरी भाजी निवडत होते, टीव्ही चालू. राष्ट्रपती कोविंद वाचत होते. तिहेरी तलाक हा गुन्हा ठरवला. मेहरमशिवाय हजला जाण्यावरची बंदी उठवली. आणि मग, २०१४ च्या आधी अल्पसंख्याक समाजाच्या सुमारे ३ कोटी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती, २०१४ पासून आतापर्यंत साडेचार कोटींहून अधिक जणांना दिली. त्यामुळे मुस्लिम मुलींचं शाळा सोडण्याचं प्रमाण घटलं, प्रवेश वाढले.

मी निवडायची थांबले. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. आतापर्यंत या भाषणांत मुस्लिम बाई यायची ती तलाकच्या वाक्यात. २० जून २०१९ च्या अभिभाषणात तलाक आणि निकाह हलाला यायचे, मग कायदा झाला आणि तो दरवर्षीच्या यादीत गेला. तोंडी तलाक गेला हे चांगलंच झालं. त्यासाठी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात बायका हमीद दलवाईंबरोबर मोर्चा काढून गेल्या होत्या. अभिभाषण ऐकलं तर वाटतं हा विषय कुणा मंत्रालयालाच सुचला असावा. तेव्हा आपण भाषणात येतो ते कुणीतरी सोडवलेल्या बायका म्हणून, याची मला सवय झाली होती. या वेळी मात्र शाळेत जाणारी मुलगी आली होती. आणि त्या साडेचार कोटींतले काही अर्ज माझ्या हातचे होते!

प्री-मॅट्रिकचा अर्ज म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत असेल. २००८ पासूनची योजना. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, आणि नंतर जैन. घरचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत, मुलाला पन्नास टक्के गुण, तीस टक्के जागा मुलींसाठी. पहिली ते पाचवीला वर्षाला हजार रुपये. हजार रुपये म्हटल्यावर शहरातली माणसं हसतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईचा एक रोज बुडतो, बँक खात्यासाठी दुसरा, आधारवर नाव चुकलं तर तिसरा. तरी बायका यायच्या. कारण वह्या, चप्पल, दप्तर आणि वर थोडे उरायचे. आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्याच आकड्यात येत नाही. मुलीच्या नावानं खातं उघडलं जायचं. “बाई, तिचे पैसे आलेत का?” असं बाप विचारायचा. तिचे पैसे. घरात तिच्या नावानं काहीतरी येतंय, ते शाळेमुळे येतंय, म्हणून शाळा सोडवायची घाई जरा लांबायची. माझ्या वर्गापुरतं मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा भाषणातलं ते वाक्य मला खोटं वाटलं नाही. उलट, कुणीतरी बरोबर लिहिलंय असं वाटलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सूचना आली. पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहेच, तेव्हा आता फक्त नववी-दहावी. त्या वर्षीचे अर्ज भरून झाले होते. दाखले काढून झाले होते, रोज बुडवून झाले होते. आठ डिसेंबरला लोकसभेत सांगितलं गेलं की मौलाना आझाद फेलोशिपही बंद, ती इतर योजनांशी जुळते म्हणून. म्हणजे पहिलीच्या पोरीपासून पीएच.डी. करणाऱ्यापर्यंत, दोन आठवड्यांच्या आत.

सरकारला योजना बंद करता येते. कारण पटो न पटो, तो त्यांचा अधिकार आहे, आणि मोफत शिक्षणाचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. शाळेत फी नाही, खरं आहे. चप्पल मोफत नाही, एवढंच.

मला राग आला तो पुढच्या जानेवारीत. ३१ जानेवारी २०२३, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचं संसदेतलं पहिलं अभिभाषण. मी मुद्दाम बसले, वही घेऊन. मागच्या वर्षी ज्याच्यामुळे मुली शाळेत टिकल्या असं याच जागेवरून सांगितलं, ते यंदा थांबवलं, तर का थांबवलं याचं एक वाक्य येईल म्हणून. तिहेरी तलाक आला, निर्णायक सरकारच्या खुणा मोजताना ३७० च्या शेजारी. शिष्यवृत्ती बंद केल्याचं वाक्य आलं नाही. नंतर मी छापील मजकूर काढून ओळ न् ओळ पाहिला. मला सापडलं नाही.

त्या रात्री मी राष्ट्रपतींना पत्र लिहायला बसले. चांगलं चार पानी. ‘आपण स्वतः शिक्षिका होतात’ अशी सुरुवात होती. त्या रायरंगपूरला शिकवत होत्या, ते खरंच आहे. तुम्ही तरी बोलायला हवं होतं, असं सगळं. दुसऱ्या पानावर अब्बांचा आवाज कानात आला. कागद किसी और का है. मी ज्यांना पत्र लिहीत होते त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. आणि ज्यांनी लिहिलं होतं त्यांना माझ्या भावना ऐकायचं काही कारण नव्हतं, जोवर कुणी सभागृहात उभं राहून विचारत नाही.

मग मी हे विचारायचं कसं, ते शोधलं. इथे जरा लक्ष द्या, कारण हा भाग कुठल्या भावनिक भाषणात येत नाही.

अभिभाषण झालं की दोन्ही सभागृहांत आभारदर्शक प्रस्ताव मांडला जातो. राष्ट्रपतींनी भाषण केलं त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत, असा. त्यावर चर्चा होते, पंतप्रधान उत्तर देतात, ते आपण टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांनी बघतो. पण या प्रस्तावाला कोणताही खासदार दुरुस्ती सुचवू शकतो. दुरुस्तीचा साचा ठरलेला आहे. प्रस्तावाच्या शेवटी पुढील शब्द जोडावेत: ‘मात्र खेद आहे की अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही.’

मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. माझी चार पानं त्या एका ओळीत बसत होती. नागरिकाला जो वैताग येतो, बोललेच नाहीत, आमचं नावच घेतलं नाही, त्याला संसदेच्या कामकाजात रीतसर जागा आहे, शब्दसुद्धा तयार आहेत.

या दुरुस्त्या लोकसभेत ढिगानं येतात आणि बहुतेक वेळा एका दमात आवाजी मतदानानं फेटाळल्या जातात. लोकसभेत सरकारचं बहुमत असतं, आणि तिथे हा प्रस्ताव पडणं म्हणजे सरकारचाच पराभव मानतात. राज्यसभेत मोजक्या वेळा त्या मंजूर झाल्या आहेत. ३ मार्च २०१५ ला सीताराम येचुरींची, काळा पैसा आणि भ्रष्टाचाराबद्दलची, ११८ विरुद्ध ५७ मतांनी. पुढच्या वर्षी ९ मार्चला गुलाम नबी आझादांची, ९४ विरुद्ध ६१. ती तुम्हाला मुद्दाम सांगते. राजस्थान आणि हरियाणानं पंचायत निवडणुकीला उभं राहायला शिक्षणाची अट घातली होती. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१५ मध्ये हरियाणाचा तो कायदा वैध ठरवला होता. आझादांची दुरुस्ती म्हणत होती की सर्व नागरिकांच्या पंचायत लढवण्याच्या हक्काला अभिभाषणात पाठिंबा नाही, याचा खेद आहे. अंगठा उठवणाऱ्या बाईचा सरपंच होण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या भाषणावरच्या मतदानात आला. तिनं लगेच काही बदललं का? नाही. राजस्थाननं ती अट २०१९ मध्ये काढली, ती सरकार बदलल्यावर. पण सभागृहाच्या नोंदीत ते वाक्य कायमचं आहे, मतांच्या आकड्यासकट.

आणि कोर्टात जायची हौस असेल तर तेही झालंय. २००४ च्या जानेवारीत संसद बसली तेव्हा अभिभाषण झालंच नाही. नवं वर्ष, मग अभिभाषण हवं, म्हणून सुप्रीम कोर्टात कोण गेलं? पंढरपूरचे तेव्हाचे खासदार रामदास आठवले. २०१० मध्ये निकाल लागला, ते हरले. कोर्ट म्हणालं, ते जुनंच अधिवेशन पुढे चालू होतं. आठवलेंच्या कवितांवर आपण हसतो, पण अनुच्छेद ८७ वरच्या खटल्याला त्यांचं नाव आहे.

तर मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. दुरुस्तीचा मसुदा सोबत, तीन ओळी. शिष्यवृत्ती बंद केल्याचा उल्लेख नाही याचा खेद. पत्र टाकलं फेब्रुवारीच्या मध्यात. पंतप्रधानांचं लोकसभेतलं उत्तर ८ फेब्रुवारीलाच होऊन गेलं होतं. दुरुस्तीची सूचना द्यायची असते ती अभिभाषणानंतर आणि चर्चेच्या आधी, हातात असतात मोजके दिवस. नागरिकशास्त्राच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. मुलांना सांगितलं तेव्हा ती मनसोक्त हसली.

पुढच्या वर्षी आम्ही आधीच तयारी केली. आठवीच्या मुलींनी मसुदा मराठीत लिहिला, त्यातल्या एकीनं ‘खेद’ खोडून ‘राग’ लिहिलं होतं, ते मी पुन्हा ‘खेद’ केलं. अभिभाषण झालं त्याच संध्याकाळी पाठवलं. चौथ्या दिवशी खासदारांच्या स्वीय सहायकांचा फोन आला! आवाज तरुण होता, सभ्य होता. म्हणाले, “मॅडम, विषय चांगलाय. पण आपल्या तालुक्यात किती मुलांची बंद झाली? किती मुली? त्यातल्या किती शाळेतून गेल्या? आकडा द्या, साहेब बोलतील.”

माझ्याकडे आकडा नव्हता. माझ्या वर्गाचा होता. शेजारच्या शाळेचा नव्हता. बौद्ध आणि जैन मुलींचा तर मी विचारच केला नव्हता, आणि त्यांचीही त्याच दिवशी बंद झाली होती. साहेब खरंच बोलले असते का, कोण जाणे. नसतेही. मी फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही.

साडेचार कोटींचा आकडा सरकारकडे होता, म्हणून तो भाषणात आला. बंद झालेल्यांचा आकडा गोळा करून ठेवायचं काम ना त्यांचं होतं, ना, मी समजत होते त्याप्रमाणे, माझं. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही पाच शाळांच्या बायका ते करतो आहोत. दोन उर्दू, तीन मराठी. सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं. काही घरी चहा मिळतो, काही घरी “पुन्हा अर्ज भरायचाय का?” असं विचारतात, आणि नाही म्हटल्यावर दार लोटतात. ते मला समजतं.

ती वही मी आणली आहे, इथे टेबलावर ठेवते. निळ्या कव्हरची. जेवणाच्या सुट्टीत या. नावं लिहू नका, पत्ते नकोत. तुमच्या घरात, गल्लीत ज्या मुला-मुलीची शिष्यवृत्ती थांबली त्यांची तेव्हाची इयत्ता, तालुका, मुलगा की मुलगी, आणि आज शाळेत आहे की नाही, एवढे चार रकाने. समाज कोणताही असो. शेवटचा रकाना माहीत नसेल तर रिकामा सोडा, अंदाजानं भरू नका. पेन बांधलेलं आहे, कृपा करून कुणी नेऊ नका, मागचं गेलं.